दोन रुमाल

होन्या भागोजी केंगले आमच्या आंबेगावातल्या जांभोरीचा. १८७३ पासून त्यानं टोळी बांधून पुणे, ठाणे, नाशिक, नगरच्या डोंगरपट्ट्यातले सावकार लुटले. कितीकांची नाकं कापली. १८७६ साली मेजर डॅनियलनं त्याला धरलं. सरकारी कागदात तो दरोडेखोर. सांडलेलं रक्त खरं होतं, ते झाकायचं नाही. पण सावकार डोंगरातल्या माणसाला नाडत होता, हेही सरकारी गॅझेटियरातच लिहिलंय. १८७५ च्या मे महिन्यात बारामतीकडं सुप्यात कुणब्यांनी कर्जरोखेच जाळले, तेव्हा कुठं १८७९ साली शेतकऱ्यासाठी कायदा झाला. म्हणून जुना खटला वाचायचा तर दप्तराचे दोन्ही रुमाल सोडावेत. फौजदारीत गुन्हा सापडतो. रोखा, हुकूमनामा, जप्ती, म्हणजे त्याचं मूळ, दिवाणीत.