मध्यपूर्व: कुणाच्या पूर्वेला?

न्हावा-शेव्याहून दुबईला निघालेले जहाज पश्चिमेकडे जाते. तरीही आपण त्या प्रदेशाला ‘मध्यपूर्व’ म्हणतो. ही पूर्व युरोपातून पाहिलेली आहे. अमेरिकन नौदल-इतिहासकार आल्फ्रेड महॅन यांच्या १९०२च्या लेखानंतर ही संज्ञा रूढ झाली. पुढे अरबांनीही तिचे भाषांतर स्वीकारले. आपले परराष्ट्र मंत्रालय मात्र ‘पश्चिम आशिया’ म्हणते. इ. स. ९१६च्या सुमारास बगदादचा अल्-मसूदी चौलला आला, तेव्हा ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले मुसलमान तेथे नांदताना त्याला दिसले. चौलच्या दृष्टीने तो प्रदेश समुद्रापलीकडचा शेजार होता. कोकणी माणूस आजही ‘आखातात’ नोकरीला जातो. त्याच्या बोलीतला शेजार आपल्या भूगोलात कधी उतरणार, हा आमचा प्रश्न आहे.