चाबूकस्वार कोण होता?

नववीच्या वर्गात एकदा विचारलं, "चाबूकस्वार म्हणजे कोण?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "चाबूक मारत घोडा पळवणारा, सर." खरं सांगायचं तर बरीच वर्षं माझीही तीच समजूत होती. मोल्सवर्थच्या कोशात पाहिलं तेव्हा कळलं की जुन्या मराठीत चाबूकस्वार म्हणजे नवख्या घोड्याला स्वारीची सवय लावणारा. शब्द फारसीतून आला, आणि फारसीत 'चाबुक'चा मूळ अर्थ चपळ, हुशार. कोरड्याचा अर्थ नंतरचा. अकबराच्या तबेल्यातल्या नोकरांची यादी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त दिली आहे, तिच्यातही चाबूकस्वार आहे. (त्याच यादीत घोड्यांना नजर लागू नये म्हणून धूप जाळणारा एक पगारी माणूसही आहे!)

आपल्याकडे घोड्याचा इतिहास म्हणजे लढाया आणि तलवारी. मुसलमानांच्या इतिहासाबद्दल तर हे जास्तच, आणि त्यात आपला स्वतःचाही हात आहे. पण रणात उतरण्याआधी त्या घोड्याला कुणीतरी माणसाची भीती घालवायला शिकवलेलं असतं. त्या माणसाचं नाव कुठे येत नाही.

घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं दिसतं. खटका वाटला की आधी पळायचं, विचार नंतर. रानातून आणलेल्या शिंगराला माणूस हा दोन पायांचा लांडगाच. त्याच्याकडे रोखून पाहत सरळ चालत गेलात तर ते कुंपणावर आदळेल. तिरकं जायचं, थांबायचं, त्याने एक कान जरी तुमच्याकडे वळवला तरी आपणच मागे सरायचं. मागे सरणं हेच त्याचं बक्षीस. हात पहिल्यांदा लावायचा तो तोंडाला नव्हे, खांद्यावर, जिथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. लगाम आणि जीन खूप नंतर.

हे शहाणपण कुणा एका कौमचं नाही. ग्रीक लेखक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगून ठेवलं आहे की शिंगराला भूक, तहान, माशांचा त्रास एकटेपणात जाणवावा, आणि चारा, पाणी, आराम माणसाच्या हातून मिळावा. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, हेही त्याचंच. नवव्या शतकात बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळात इब्ने अखी हिजामने अश्वविद्येवर अरबीत लिहिलं. तो शिकाऊ स्वाराला आधी खोगीराशिवाय उघड्या पाठीवर बसवतो. त्यामुळे स्वाराला तोल सांभाळता येतो. मला वाटतं, घोड्याचीही सुटका होते, कारण तोल गेला की नवशिका लगामालाच लोंबकळतो आणि जखम होते ती घोड्याच्या तोंडाला.

अरबी परंपरेत अशी रिवायत आहे की घोडे आधी रानटी होते आणि त्यांच्यावर पहिल्यांदा स्वार झाले ते हजरत इस्माईल (अ.). ती रिवायत म्हणूनच वाचावी. आजच्या पाळीव घोड्यांचं मूळ संशोधक सुमारे 4200 वर्षांपूर्वीच्या व्होल्गा-डॉन नद्यांकडच्या गवताळ प्रदेशात शोधतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 'सहीह मुस्लिम'मधली एक हदीस. हजरत आयेशा (र.) एका अडेल उंटावर बसल्या होत्या आणि त्याला पुढे-मागे ओढत होत्या. पैगंबरांनी (स.) त्यांना सांगितलं, नरमाईने घे. तिथे युद्ध नव्हतं की मोठा प्रसंग नव्हता. एक हट्टी जनावर आणि वैतागलेली स्वार, एवढंच.

हे सगळं मऊच होतं असं मात्र कुणी समजू नये. लष्करी तबेल्यांना घाई असायची. तोंड कापणारे कडक लगाम होते, चाबूकही होतेच.

वर्गात त्या दिवशी फळ्यावर आणखी दोन शब्द लिहिले, सईस आणि सियासत. दोन्ही एकाच अरबी धातूपासून आलेले; घोड्यांची देखभाल करणं हा त्याचा जुना अर्थ. मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "म्हणजे राजकारणी हा मोतद्दार, सर?" तास संपल्याची घंटा झाली होती, आणि मला हसू आवरत नव्हतं.