संघबांधणी, व्यावसायिक हॉकीतील

ठरावीक खर्चमर्यादेत खेळाडूंची निवड, खरेदी, देवघेव व जोपासना करून स्पर्धेसाठी समतोल संघ उभारणे, यास संघबांधणी म्हणतात. उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीत हे काम महाव्यवस्थापक या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे असते. तेथील ‘नॅशनल हॉकी लीग’मध्ये २००५ पासून संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा असल्याने एका खेळाडूस दिलेली वाढीव रक्कम दुसऱ्याच्या वाट्यातून वजा होते. भारतातील मैदानी हॉकीत याच स्वरूपाचा प्रश्न ‘हॉकी इंडिया लीग’च्या लिलावामुळे उद्‌भवला. संघ हरला म्हणजे निवड चुकली, असा निष्कर्ष सामान्यतः काढला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, हे मुंबईच्या दोन संघांच्या इतिहासावरून तपासता येते.

या स्पर्धेचा पहिला लिलाव १६ डिसेंबर २०१२ रोजी नवी दिल्ली येथे झाला. पाच संघांपैकी प्रत्येकाने १४ भारतीय व १० परदेशी असे २४ खेळाडू घ्यावयाचे होते. ‘मुंबई मॅजिशियन्स’ने पेनल्टी कॉर्नरतज्ज्ञ संदीप सिंग यास ६४,४०० डॉलरांस घेतले. त्याच वर्षी फेब्रुवारीतील ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत त्याने १६ गोल केले होते. तेव्हा उपलब्ध माहितीच्या आधारे ही निवड सयुक्तिक होती. २०१३ च्या पहिल्या स्पर्धेत सर्वाधिक गोलही त्यानेच केले. १९१० नव्हे तर २०१० सालच्या विश्वचषकविजेत्या ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक रिक चार्ल्सवर्थ हा मार्गदर्शनास होता. तरीही संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला.

या अपयशाचे एक कारण मैदानाबाहेरचे होते. स्पर्धेतील नऊ पाकिस्तानी खेळाडूंपैकी चार मुंबईकडे होते. नियंत्रण रेषेवरील तणावामुळे जानेवारी २०१३ मध्ये, स्पर्धेच्या आरंभीच, त्या सर्वांस मायदेशी पाठविण्यात आले. ही घटना संघचालकांच्या हातची नव्हती. तथापि २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर इंडियन प्रीमियर लीगमधून पाकिस्तानी क्रिकेटपटू दूर राहिले होते, ही गोष्ट सर्वश्रुत होती. दहांपैकी चार परदेशी जागा एकाच देशावर विसंबून ठेवणे हा खेळाडूंच्या गुणवत्तेचा नव्हे, तर जोखमीच्या विभागणीचा दोष म्हणावा लागेल. याउलट विजेत्या ‘रांची ऱ्हायनोज’ने जर्मन मोरित्स फ्युर्स्टे या अनुभवी खेळाडूस मनदीप सिंग या नवोदिताची जोड दिली होती.

२०१४ मध्येही तळाशी राहिल्यावर हा संघ विसर्जित झाला आणि २०१५ मध्ये ‘दबंग मुंबई’ हा नवा संघ आला. सप्टेंबर २०१५ च्या लिलावात त्याने जर्मन आघाडीपटू फ्लोरियान फुक्स यास ९६,००० डॉलरांस, तर एकोणीस वर्षांच्या हरमनप्रीत सिंग यास ५१,००० डॉलरांस घेतले. २०१६ पासून मैदानी गोलास दोन गुण मिळू लागल्याने आघाडीपटूचे मोल वाढले व पेनल्टी कॉर्नरतज्ज्ञाचे तुलनेने घटले. त्या वर्षी संघ उपान्त्य फेरीस मुकला व हरमनप्रीतवरील खर्च अवाजवी भासू शकला असता. परंतु २०१७ मध्ये हाच संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे ‘कलिंग लान्सर्स’ने त्याचा ४–१ असा पराभव केला.

त्यानंतर ही स्पर्धा खंडित झाली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा तीत महाराष्ट्राचा संघ नव्हता. त्यापूर्वीच्या लिलावात मात्र हरमनप्रीत ७८ लाख रुपयांस सर्वांत महाग खेळाडू ठरला. तत्पूर्वी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने १० गोल करून भारतास कांस्यपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला होता. मुंबईने हेरलेल्या गुणांचे पूर्ण फळ अशा रीतीने मुंबईस मिळाले नाही. म्हणून ती पारख खोटी ठरत नाही.

तात्पर्य, संघबांधणीचे मूल्यमापन करताना निर्णयसमयी कोणती माहिती उपलब्ध होती, त्याच पैशांत कोणता पर्याय शक्य होता आणि कोणता धोका आधी दिसण्याजोगा होता, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. गुणतक्ता हा त्यांतील केवळ एक पुरावा होय. संदीप सिंगची निवड तळाच्या संघातही योग्य होती. चार जागांचा धोका मात्र संघ जिंकला असता तरी धोकाच राहिला असता.