‘यमुनापर्यटन’ : माजघरातील अबोल दुःख

बेळगावात 1831 साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. आदल्याच वर्षी, 1856 साली, विधवाविवाहास कायद्याने मान्यता मिळाली होती. परंतु कायदा कागदावर आणि विधवा माजघरात, अशी स्थिती होती.

यमुना व विनायक हे सुशिक्षित, परस्परांवर अनुरक्त दांपत्य प्रवासास निघते. वाटेत घरोघरची जी गुपिते त्यांना कळतात, ती धनाची नव्हेत; केशवपनाच्या सक्तीची, उपेक्षेची आणि अब्रूच्या भयाने झाकलेल्या यातनांची आहेत. पुढे विनायक मृत्यू पावतो आणि आजवर ऐकलेले दुःख यमुनेच्याच वाट्यास येते. अखेर ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते.

लेखकाने स्वतः 1854 साली धर्मांतर केले होते. म्हणून हा शेवट प्रचारकी वाटतो, आणि ते गैरही नव्हे. कथानकही सैलच आहे. तथापि उपाय अमान्य केला म्हणून व्यथा खोटी ठरत नाही. राजे आणि अप्सरा यांना बाजूस सारून, घरातल्याच विधवेचे गाऱ्हाणे ऐकण्यास या पुस्तकाने मराठी वाचकाला बसविले, हे त्याचे ऋण आहे.