दिव्यांगांविषयी तरुणांचा दृष्टिकोन : शिरूर व दौंड तालुके

पुणे जिल्ह्यातील या दोन तालुक्यांत ऊसशेतीच्या जोडीला रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आल्या. गावातल्या तरुणाला दिव्यांग माणूस दिसतो तो मात्र बरेचदा लाभार्थी म्हणून. ग्रामपंचायतीने स्वनिधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावी, हा नियम योग्यच. पण वाटपाच्या कार्यक्रमातून कणव वाढते, बरोबरीची जाणीव नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये वांशिक पूर्वग्रहांविषयी मांडले, की दर्जा समान, उद्दिष्ट एक आणि संस्थेचा पाठिंबा असेल तरच सहवासाने पूर्वग्रह ओसरतात. दिव्यांगत्वालाही हे लागू पडते.

यावर आक्षेप असा, की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर मुले एकाच वर्गात बसतात, तरी ‘लंगड्या’, ‘बहिऱ्या’ ही हाक सुटत नाही. आक्षेप खरा आहे, पण तो सहवासाविरुद्ध जात नाही. एका बाकावर बसणे म्हणजे समान दर्जा नव्हे. खेळाच्या तासाला दप्तरे राखायला बसवलेला मुलगा वर्गात असूनही बाहेरच असतो. दुसरा आक्षेप, कायदा पुरेसा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण दिले. खासगी कारखान्यांवर मात्र अशी सक्ती नाही, आणि या पट्ट्यातला आयटीआय झालेला तरुण रोजगार शोधतो तो प्रामुख्याने तिथेच. शेजारच्या यंत्रावर दिव्यांग सहकारी असण्याची शक्यता त्यामुळे कंपनीच्या मर्जीवर राहते.