हानोफरची व्हॅन आणि कॅलिफोर्नियाचा धूर

१९७५ च्या सुमारास जर्मनीतील हानोफर येथील कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फोक्सवॅगन व्हॅनी एकाच साच्याच्या, एकाच बांधणीच्या आणि बहुधा एकाच रंगाच्या असत. परंतु त्यांचे मागचे झाकण उघडून पाहणाऱ्यास त्यांत दोन भिन्न जाती आढळत. जी गाडी युरोपातच विकली जावयाची तिच्या इंजिनावर कार्ब्युरेटर बसविलेला असे, आणि जी जहाजावर चढून अमेरिकेस जावयाची तिच्यावर इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनची सामग्री असे. हा भेद इंजिनियरांच्या मतभेदातून किंवा गिऱ्हाइकांच्या रुचिवैचित्र्यातून उत्पन्न झालेला नव्हता; तो सरकारी कायद्याने पाडला होता, आणि त्या कायद्याचे मूळ हानोफरपासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर असलेल्या एका शहराच्या धुरात होते. यंत्रविद्येचा इतिहास लिहिणारे सुधारलेल्या यंत्राने जुन्या यंत्रास हटविले एवढे सांगून मोकळे होतात. ह्या व्हॅनच्या बाबतीत ती हकीकत निम्मीच खरी आहे.

कार्ब्युरेटर हा पेट्रोल-इंजिनाचा जवळजवळ जुळा भाऊ. १८८८ साली बेर्टा बेन्झ ही साहसी स्त्री पतीने बनविलेल्या तीनचाकीत मुलांना घालून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली, तेव्हा वाटेत तुंबलेली इंधनाची नळी तिने आपल्या टोपीच्या पिनेने मोकळी केली, ही कथा प्रसिद्धच आहे. नळी किंवा जेट तुंबणे आणि रस्त्याच्या कडेला बसून ते साफ करणे ही परंपरा अशी मोटारीइतकीच पुरातन आहे. पुढे १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाख ह्यांनी, आणि त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका ह्या जोडीने, फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्यातील तत्त्व अत्यंत साधे आहे. हवेच्या वाटेत एक अरुंद गळा ठेवावयाचा. त्यातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. उतरलेल्या दाबामुळे शेजारच्या कुंडीतील पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटमधून आपोआप वर ओढले जाते आणि हवेत मिसळते. कुंडीतील पेट्रोलची पातळी एक तरंगता फ्लोट आणि त्याने उघडझाप होणारी सुई सांभाळते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. ते साधण्याचे काम हे पितळेचे छिद्र कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता करीत राहते.

हानोफरचा कारखाना निघण्यापूर्वी, ८ मार्च १९५० रोजी, वोल्फ्सबुर्ग येथे ह्या व्हॅनचे नियमित उत्पादन सुरू झाले, तेव्हा तिच्या पाठीमागे ११३१ घन सेंटिमीटरचे, हवेने थंड होणारे आणि अवघ्या २५ अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि त्यावर सोलेक्स जातीचा एकच कार्ब्युरेटर. चार सिलिंडर दोन बाजूंना आडवे पसरलेले आणि कार्ब्युरेटर मध्यावर, अशी रचना असल्यामुळे मिश्रणास लांबलचक नळ्यांतून प्रवास करावा लागे. पेट्रोलचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते, तेव्हा थंड आणि दमट हवेत ह्या नळ्यांच्या अंतर्भागी चक्क बर्फ धरे. पाण्याचे अभिसरण नसल्यामुळे गरम पाण्याचा उपयोग करण्याची सोय नव्हती. म्हणून जळलेल्या वायूंची एक बारीक नळी मुख्य नळीस चिकटवून नेली होती. ती काजळीने बंद झाली की गाडी सकाळी धापा टाकू लागे, आणि अननुभवी माणूस निष्कारण जेट बदलीत बसे.

इंजिन वाढले तशी अडचण वाढली. १९७१ च्या उत्तरार्धात १७०० घन सेंटिमीटरचे नवे इंजिन आले तेव्हा त्याला दोन कार्ब्युरेटर, प्रत्येक बाजूस एक, असे द्यावे लागले. आणि दोन कार्ब्युरेटर म्हणजे दोघांची मने सदैव जुळवून ठेवण्याचे व्रत. जुने कारागीर हे काम रबरी नळीच्या एका तुकड्याने करीत. नळीचे एक टोक कानाला, दुसरे आळीपाळीने प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हींकडून येणारा सुसकारा एकाच पट्टीत ऐकू येईपर्यंत स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावयाचा. ह्या विद्येला प्रमाणपत्र नव्हते, पण गुरू-शिष्य होते.

कार्ब्युरेटरचा गुण असा की तो कोठेही दुरुस्त होतो. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर, लाहोर असा मुलूख तुडवीत, प्रत्येक हद्दीवर परवाने आणि जकातीचे दस्तऐवज दाखवीत, ज्या व्हॅनी दिल्लीस आणि तेथून गोव्याच्या कळंगुट-हणजूण किनाऱ्यावर पोहोचल्या, त्यांतील युरोपात घेतलेल्या गाड्या कार्ब्युरेटरच्याच होत्या. काबूलच्या अठराशे मीटर उंचीवर हवा विरळ होते, जेट मात्र तेवढेच राहते. मिश्रण दाट होते, धूर काळा होतो आणि शक्ती घटते. पण समुद्रसपाटीस उतरताच तक्रार आपोआप मिटते. शिवाय आपल्याकडील अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी ह्या गाड्यांतही सोलेक्स जातीचेच कार्ब्युरेटर वापरात असल्यामुळे, ज्या मिस्त्रीने जन्मात फोक्सवॅगन पाहिली नव्हती त्यालाही तिच्या फ्लोटची, निडलची आणि जेटची ओळख पटत असे. ‘कचरा आलाय’ हे त्याचे निदान, आणि तोंडाने जेट फुंकणे हा त्याचा उपाय, कंदाहारपासून म्हापशापर्यंत सारखाच लागू होता.

आता धुराकडे वळू. १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबविणारे असे धुके उतरले की, युद्धकाळ असल्यामुळे काही नागरिकांना तो जपान्यांचा विषारी वायूचा हल्ला वाटला. कोडे उलगडले ते पन्नासच्या दशकारंभी, अननसाच्या स्वादद्रव्यांवर संशोधन करणाऱ्या हागेन-स्मिट ह्या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाकडून: मोटारींच्या नळकांड्यांतून निघणारे न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ह्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते धुके बनत होते. मोटार-कंपन्यांनी हे सुखासुखी मान्य केले नाही. परंतु १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवेच्या रक्षणाचे स्वतंत्र मंडळ निर्माण झाले, त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिट ह्यांच्याकडेच आले, आणि १९७० च्या अखेरीस अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने जो कायदा केला त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ह्यांत नव्वद टक्के घट पाच वर्षांच्या मुदतीत करावी असे फर्मानच निघाले. मुदत पुढे वाढली, तरी कायद्याचा रोख बदलला नाही. मिश्रणाच्या प्रमाणातील ज्या चुकीकडे डोंगरात आणि थंडीत आजवर कानाडोळा करता येत होता, ती आता मोजली जाणार होती.

इंजेक्शनची कल्पना मात्र ह्या कायद्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांची इंजिने इंजेक्शनवर चालत, तर ब्रिटिशांची प्रसिद्ध मर्लिन इंजिने कार्ब्युरेटरवर. नाक खाली घालून एकदम सूर मारताच फ्लोटच्या कुंडीतील पेट्रोल छताकडे उसळे आणि ऐन लढाईत इंजिन घुटमळे. बीट्रिस शिलिंग ह्या इंजिनियर बाईंनी १९४१ मध्ये छिद्र असलेली एक लहानशी पितळी चकती बसवून तो दोष पुष्कळसा दूर केला. (महायुद्धाच्या इतिहासात सेनापतींची जी पाने भरलेली असतात त्यांतील एखादे ह्या चकतीला द्यावयास हरकत नव्हती.) मोटारींत वीजयंत्रणेने चालणारे इंजेक्शन आणण्याचा बेंडिक्स ह्या अमेरिकन कंपनीचा पन्नासच्या दशकातील प्रयत्न तत्कालीन सुट्या भागांच्या दुर्बलतेमुळे फसला, तिच्या पेटंटांचा लाभ बॉश ह्या जर्मन कंपनीने उचलला, आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्याच १६०० जातीच्या मोटारीवर ती यंत्रणा अमेरिकेत दाखल झाली. व्हॅनच्या वाट्याला आली ती बॉशची पुढली आवृत्ती, एल-जेट्रॉनिक.

हिचा कारभार पाहण्यासारखा आहे. आत येणारी हवा एका झडपेला ढकलते. झडप जितकी उघडेल तितका तिला जोडलेला स्पर्शक काळ्या कार्बनच्या पट्टीवरून सरकतो. त्यावरून नियंत्रक पेटी हवेचा अंदाज घेते, इंजिनाची गती इग्निशन कॉइलकडून जाणते, आणि चारही इंजेक्टर एकदम किती वेळ उघडावयाचे ते ठरविते. पेट्रोलपंपाचा एक संपर्कही ह्याच झडपेत ठेवलेला आहे: अपघातात इंजिन थांबले, हवा थांबली, की किल्ली चालू असूनही पंप बंद. ह्या दप्तरात नोंद न झालेली हवा मात्र खपत नाही. तेल भरण्याचे झाकण नुसते सैल करा, इंजिन लगेच अडखळते. कारण तेवढी हवा झडपेला चुकवून आत शिरलेली असते.

अमेरिकेतील मालकांचे आणि मेकॅनिकांचे ह्या यंत्रणेशी फारसे पटले नाही. १९६९ मध्ये जॉन म्यूर ह्या एकेकाळच्या विमान-इंजिनियराने सामान्य माणसासाठी फोक्सवॅगन-दुरुस्तीचे जे खेळकर पुस्तक लिहिले, त्याने एका पिढीला स्वतःची गाडी स्वतः उघडावयास शिकविले होते. त्या पिढीला एक बंद पेटी आणि तारांचा जुडगा हा अपमान वाटला असल्यास नवल नाही. पुढल्या दशकांत अनेकांनी इंजेक्शनची सामग्री काढून फेकली आणि तिच्या जागी वेबरचा एकच कार्ब्युरेटर मध्यावर बसविला. माझ्या मते हा न्याय नव्हे. ज्या तक्रारींवरून ही यंत्रणा बदनाम झाली त्यांतील बहुतेक तडकलेल्या रबरी नळ्या, गंजलेले अर्थिंग आणि झाकणांची वाळलेली सीले ह्यांच्या होत्या. पेटी बहुधा निर्दोष असे. कार्बनची पट्टी झिजली तर स्पर्शकाची बैठक किंचित सरकवून त्याला कोऱ्या जागेवर आणता येते, आणि उरलेले सर्व भाग एका साध्या मीटरने तपासता येतात. एक दोष मात्र खरा आणि गंभीर: कार्ब्युरेटरच्या नळीत नाममात्र दाब असतो, येथे तो दोन बारच्या वर, जुनी नळी फुटली तर पेट्रोलचा फवारा तापलेल्या इंजिनावर उडतो, आणि अशा आगींत पुष्कळ व्हॅनी भस्मसात झाल्या. उलट, मध्यावर बसविलेल्या त्या एकट्या वेबरला लांब नळ्यांतील गारठ्याचे तेच जुने दुखणे पुन्हा जडले, हे गाडी सोपी करू पाहणाऱ्यांच्या ध्यानात फार उशिरा आले.

आपल्याकडे ह्याच नाटकाचा प्रयोग वीस वर्षांनी झाला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल-मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि पुढील कायद्यांच्या रेट्याखाली १९८४ पासून कार्ब्युरेटरवर धावणाऱ्या मारुती व्हॅनलाही अखेर एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच, घ्यावे लागले.

मूळ व्हॅनचा शेवटचा अंक ब्राझीलमध्ये घडला. हानोफरने १९७९ मध्ये जुना साचा सोडला तरी साओ पाउलोजवळील साओ बेर्नार्दो दो कांपो येथे, जेथे १९५७ पासून ही गाडी ‘कोंबी’ नावाने बनत होती, तेथे तिचे उत्पादन चालूच राहिले. तेथील धुराच्या नियमांपुढे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनालाही इंजेक्शन मिळाले, आणि २००५ च्या अखेरीस ते इंजिनच जाऊन त्याच्या जागी पाण्याने थंड होणारे, पेट्रोल आणि अल्कोहोल दोहोंवर चालणारे इंजिन आले. धुराच्या प्रत्येक कायद्यावर कोंबीने अशी तोड काढली. १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला एअरबॅग आणि एबीएस ब्रेक असलेच पाहिजेत असा निराळाच कायदा झाला, तेव्हा चालकाचे पाय जवळजवळ पुढच्या पत्र्याला टेकतील अशा त्या जुन्या देहात त्यांना जागा करणे कंपनीला परवडण्यासारखे नव्हते. आणि २०१३ च्या डिसेंबरात कारखान्याने शेवटची कोंबी बाहेर काढली.