चिनी मातीतला चीन

वाशीमकडे लोणच्याची बरणी म्हटली की चिनी मातीचीच. खांद्याला तपकिरी, पोटाला पिवळसर पांढरी, तोंडावर फडक्याचा दादरा बांधलेला. मीठ, तेल, कैरीचा आंबटपणा, काही तिला बाधत नाही. पण ही माती इथलीच, भट्टीही इथलीच, आणि भांडे अस्सल पोर्सेलिनही नव्हे. मग नावात चीन कुठून आला?

संस्कृतात तो जुनाच. शाकुंतलात ‘चीनांशुक’ भेटते, म्हणजे चिनी रेशीम. तेव्हाचा चीन वस्त्रात होता. चुलीपाशी तो आला फारसीतून. इराणी लोक त्या देशाच्या भांड्यांना नुसते ‘चीनी’ म्हणत. किराण्यातही हेच विशेषण शिरले. दालचिनी मुळात ‘दार-चीनी’. दार म्हणजे लाकूड. चोपचिनीतला ‘चोप’ हा फारसी ‘चोब’, तेही लाकूडच. पुढे दालचिनी सिलोनहून येवो की मलबारातून, नाव बदलले नाही.

दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ मध्ये राज्य गेल्यावर औरंगजेबाने तिथेच कैदेत ठेवले. महालाचे नाव पडले ते भिंतीवरच्या झिलईदार रंगीत फरश्यांवरून. म्हणजे आपल्या मुलखात ‘चिनी’ हा देश उरलाच नव्हता, तो गुण झाला होता: झिलई, चकाकी. वऱ्हाडातल्या बरणीला हेच नाव वारशाने मिळाले, असे मला वाटते.

युरोपने मात्र भांड्याचे रूप पाहिले. इटालियनमध्ये ‘पोर्चेल्लाना’ म्हणजे कवडी; तिच्या तकाकीवरून पोर्सेलिन. आपण ‘माती’ म्हणालो, आणि मर्म नेमके मातीतच आहे. चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग टेकडीवरून त्या पांढऱ्या मातीला केओलिन नाव पडले. सुमारे तेराशे अंशांच्या आचेत तिचे भांडे असे घट्ट होते की पातळ बशी उजेडात धरली तर पलीकडची बोटे सावलीसारखी दिसतात. आणि तिच्यावरची निळाई? चौदाव्या शतकात त्यासाठी लागणारे कोबाल्ट इराणहून जात असे. ज्यांनी भांड्याला ‘चीनी’ म्हटले, त्यांच्याच मुलखाचा रंग त्या भांड्यावर चढला. या शब्दाच्या इतिहासात मला सर्वांत सुंदर वाटते ते हेच.

पुढे पोर्तुगीज गलबतांनी हा माल गोव्यावरून लिस्बनला नेला. १६०३ मध्ये डचांनी ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्यातली हजारो भांडी हॉलंडात विकली. काठाशी खण पाडलेल्या या निळ्या नक्षीला ‘क्राक’ म्हणतात. ‘कॅरॅक’ या जहाजप्रकारावरून, असे मानले जाते.

वाशीम जिल्ह्यातले कारंजा त्या शतकात धनाढ्य पेठ होती. १६७० मध्ये सुरतेपाठोपाठ शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यातूनही मोठी लूट नेली. अशा गावातल्या जुन्या वाड्यात निळ्या नक्षीची बशी निघालीच, तर घासायला घेण्याआधी ती उलटी करावी. तळाच्या कडेला झिलई नसेल आणि भट्टीतली वाळू चिकटलेली असेल, तर ती जाणकाराला दाखवावी. मधली सहा चिनी अक्षरे पाहून मात्र काळ ठरवू नये. जुन्या बादशहांची नावे नंतरचे कारागीरही घालत.